इंग्रजीतील मोडल क्रियापदे आणि भूतकाळ : मराठी भाषकांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इ. स. २००० पासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. तरीही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या लेखनात ‘मस्ट वेन्ट’, ‘शुड हॅड गॉन’ यांसारख्या सदोष रचना आढळतात. अशा चुकांमागे केवळ निष्काळजीपणा नसून मातृभाषेची घडणही असते. सिंधुदुर्गातील मालवणी भाषक विद्यार्थ्यांनाही हे लागू पडते.

रचनेतील भेद :
‘तो गेला असेल’ या वाक्यात ‘गेला’ हे रूप भूतकाळ दर्शविते, तर ‘असेल’ हे रूप वक्त्याचा अंदाज व्यक्त करते. मालवणीतील ‘गेलो आसतलो’ या रचनेची घडणही अशीच आहे. इंग्रजीत हा क्रम उलटतो. तेथे प्रथम मोडल क्रियापद, त्यानंतर ‘हॅव’ आणि शेवटी मुख्य क्रियापदाचे तिसरे रूप येते. मोडलनंतरचे क्रियापद मूळ रूपातच राहत असल्याने तेथे ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ येऊ शकत नाही. ‘जायला हवे होते’ यातील ‘होते’ विद्यार्थ्यास ‘हॅड’कडे ओढून नेते, परंतु शुद्ध रचना ‘शुड हॅव गॉन’ अशीच होते.

अर्थातील भेद :
‘मस्ट’ या क्रियापदाने सक्ती आणि तर्क असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. भूतकाळात मात्र त्यांचे मार्ग वेगळे होतात. ‘खलाशांना परतावे लागले’ यासाठी ‘हॅड टू रिटर्न’, तर ‘खलाशी परतले असावेत’ यासाठी ‘मस्ट हॅव रिटर्न्ड’ अशी योजना करावी लागते. पहिल्या वाक्यात घडलेली घटना आहे, दुसऱ्यात केवळ अनुमान.

‘कुड’च्या बाबतीत हा भेद अधिक सूक्ष्म आहे. डिसेंबर २०१७ मधील ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ व तामिळनाडूतील अनेक मासेमारी नौकांनी देवगड येथे आश्रय घेतला. ‘त्या नौका देवगडला पोहोचू शकल्या’ हे सांगण्यासाठी ‘वेअर एबल टू रीच’ ही रचना योग्य ठरते. कारण होकारार्थी ‘कुड’ भूतकाळातील सर्वसाधारण क्षमता दर्शविते, एका प्रसंगी साधलेले यश नव्हे. नकारार्थी वाक्यात मात्र ‘कुड नॉट रीच’ चालते. याउलट ‘कुड हॅव रीच्ड’ या रचनेचा अर्थ संदर्भानुसार ‘पोहोचल्या असतील’ किंवा ‘पोहोचू शकल्या असत्या, पण पोहोचल्या नाहीत’ असा होतो. किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने या तीन अर्थांतील अंतर किती मोठे आहे, हे सांगावयास नको.

निष्कर्ष :
मोडल क्रियापदांचा भूतकाळ केवळ रूपांचे तक्ते पाठ करून आत्मसात होत नाही. घटना प्रत्यक्ष घडली, घडली असावी, की घडावयास हवी असूनही घडली नाही, हा प्रश्न विद्यार्थ्याने प्रथम मराठीत सोडवावा आणि नंतर इंग्रजी रूप निवडावे. या अध्यापनात मातृभाषा अडथळा न ठरता आधार ठरू शकते.