साडेअकरा वर्षांची वाट

न्यूरोसर्जन व्हायला भारतात बारावीनंतर किमान साडेअकरा वर्षं लागतात. साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षं जनरल सर्जरीचं एमएस आणि त्यावर तीन वर्षं एमसीएच. तिन्ही दारांवर ‘नीट’ बसलेली आहेच: आधी यूजी, मग पीजी, शेवटी सुपर स्पेशालिटी. पुन्हापुन्हा परीक्षा देण्यात जाणारी वर्षं या हिशेबात धरलेली नाहीत.

रत्नागिरी जिल्ह्यात यातला पहिला टप्पा आता घराजवळच होतो. सावर्डे-डेरवणचं वालावलकर वैद्यकीय महाविद्यालय २०१५ पासून आहे, आणि रत्नागिरी शहरात २०२३ मध्ये १०० जागांचं शासकीय महाविद्यालय सुरू झालं. या पहिल्या तुकडीतलं कुणी कुठेही न अडखळता गेलं, तरी एमसीएच हाती पडेपर्यंत २०३५ उजाडेल. त्यातल्या शेवटच्या टप्प्यासाठी बहुधा मुंबई गाठावी लागते, परळचं केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, नायर किंवा जेजे. नाहीतर राज्यातलं किंवा राज्याबाहेरचं दुसरं एखादं शहर.

ही शिडी फार जुनी नाही. स्वातंत्र्यापर्यंत मेंदूची शस्त्रक्रिया शिकायची तर बोटीत बसण्यावाचून इलाज नव्हता. केरळातले जेकब चँडी (१९१०–२००७) मद्रासला डॉक्टर झाले आणि बहारीनच्या मिशन रुग्णालयात कामाला लागले. तिथून ते अमेरिकेत आणि पुढे मॉन्ट्रियलला वाइल्डर पेनफील्ड यांच्याकडे पोचले. रोगी जागा ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत अपस्माराचं मूळ शोधणारे ते हेच पेनफील्ड. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे रॉबर्ट कॉक्रेन यांनी गळ घातली, म्हणून चँडी परतले आणि १९४९ मध्ये त्यांनी देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग उघडला. वर्षभरात मद्रासला बी. राममूर्ती यांनी काम सुरू केलं. मुंबईला राम गिंडे आले, तेही पेनफील्डांच्याच हाताखालून. १९५१ मध्ये चँडी, राममूर्ती, बलदेव सिंग आणि एस. टी. नरसिंहन या चौघांनी न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली.

चँडींचं खरं मोठेपण विभाग काढण्यात नाही, वेल्लोरला त्यांनी रीतसर प्रशिक्षणक्रम सुरू केला त्यात आहे. परदेशात शिकून आलेला सर्जन नुसताच ऑपरेशनं करत राहिला, तर त्याच्या निवृत्तीबरोबर विद्याही निवृत्त होते. टी. एस. कनका यांची वाटचाल या नव्या व्यवस्थेतली. १९५४ मध्ये एमबीबीएस, १९६३ मध्ये एमएस, १९६८ मध्ये एमसीएच. आशियातल्या पहिल्या काही स्त्री न्यूरोसर्जनांत त्यांची गणना होते. बाईमाणसाला सर्जरी झेपेल का, असं उघड विचारलं जाण्याचा तो काळ होता.

या शिडीवरून एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. दिल्लीचं एम्स, बंगळुरूचं निमहान्स आणि राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा डीआरएनबी अभ्यासक्रम एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा रस्ता देतात. कालावधी तोच, पण त्यातला बहुतेक काळ मेंदू आणि मणक्याचा. थेटवाल्यांचं म्हणणं असं, की हर्निया आणि पित्ताशय शिकण्यात तीन वर्षं का घालवावीत? ती सूक्ष्मदर्शकाखाली गेली तर हात लवकर तयार होतो. एमएसवाले म्हणतात, आधी सर्जन व्हा. मोठ्या संस्थेत पहिली बाजू बिनतोड आहे. जिल्ह्याच्या गावी मात्र दुसरीच पटते. मुंबई-गोवा महामार्गावर आपटलेल्या किंवा माडावरून पडलेल्या माणसाचं नुसतं डोकंच फुटलेलं नसतं. छातीत रक्त साठलेलं असतं, प्लीहा फाटलेली असते. अशा वेळी पोटाकडे बघायला दुसरा सर्जन हाकेच्या अंतरावर असेलच असं नाही.

रस्ता कोणताही असो, रेसिडेंटची सुरुवात रात्रीच्या कॉलने होते. डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारून बघायचं, ग्लासगो कोमा स्केलचे ३ ते १५ मधले गुण मोजायचे, सीटी स्कॅन वाचायचा आणि वरिष्ठांना फोनवर चार वाक्यांत सगळं सांगायचं. शुद्धीचं हे मोजमाप टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये दिलं. हातात पहिल्यांदा येतं ते कवटीला भोक पाडून साठलेलं रक्त काढण्याचं काम. मग मेंदूतलं पाणी पोटात वळवणारा शंट. गाठी पुढे, आणि फुगलेल्या धमनीला क्लिप लावणं सर्वांत शेवटी.

हाताची पहिली तालीम रोग्यावर होत नाही. कच्च्या अंड्याचं कवच ड्रिलने घासून काढायचं आणि आतला पापुद्रा फाटू द्यायचा नाही, हा एक धडा. कवटीखालच्या ड्युरा या आवरणाला जपण्याची ती सवय. दुसरा धडा कोंबडीच्या पंखातल्या जेमतेम मिलिमीटरभर धमनीवर, केसाहून बारीक धाग्याने टाके घालण्याचा. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. झुरिकचे गाझी याशारगिल चाळिशीला आलेले सर्जन होते, तरी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बर्लिंग्टनला न्यूरोसर्जन डोनाघींच्या प्रयोगशाळेत जाऊन बारीक रक्तवाहिन्या शिवायला बसले. मायक्रोन्यूरोसर्जरी त्यातून उभी राहिली.

एमसीएचनंतर सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याला बॉण्डची सेवा असते, आणि बरेच जण मणका, बालमेंदू किंवा कवटीच्या तळाच्या शस्त्रक्रियेची फेलोशिप करतात. जिल्ह्यात परतणाऱ्याला पदवी पुरत नाही. चोवीस तास सीटी, ऑपरेटिंग मायक्रोस्कोप, व्हेंटिलेटरच्या खाटा, रक्तपेढी आणि मेंदूच्या भुलीचा सराव असलेला भूलतज्ज्ञ, यातलं एक जरी नसलं तरी रोगी पुन्हा आंबा घाटाने कोल्हापूरला किंवा महामार्गाने मुंबईला निघतो.