पत्र्याखालचा फोम आणि उणे ७८ अंशांचा बर्फ

पुण्यात हडपसरहून सासवड रस्त्यानं फुरसुंगी, मंतरवाडीकडे निघालं की दोन्ही अंगांना पत्र्याची गोदामं लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की त्या पत्र्याखाली उभं राहवत नाही. त्यावरचा एक उपाय म्हणजे पत्र्याला आतून पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा फवारा मारून घेणं. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीलाही हेच करतात. काम झटपट उरकतं आणि गारवा लगेच जाणवतो. तो गारवा खराच असतो. अडचण येते ती पुढे कधीतरी, फोम काढायची पाळी आली की.

ही पाळी येण्याची कारणं साधी असतात. पत्र्याच्या स्क्रूभोवतीचं वॉशर कडक होऊन तडकतं आणि पावसाचं पाणी पत्रा व फोम यांच्या मधल्या फटीत शिरतं. फोममुळे ते खाली ठिबकत नाही, त्यामुळे गळती आहे हेच कळत नाही. आत पत्रा गंजत राहतो. गच्चीवर उघड्यावर मारलेल्या फोमचं दुखणं वेगळं. त्यावरचं संरक्षक कोटिंग उडालं की उन्हानं तो आधी पिवळा, मग तपकिरी पडतो आणि त्याचा भुगा होऊ लागतो. छत दुरुस्त करायचं, तर आधी हे सगळं निघायला हवं.

फोम सहजी निघत का नाही, हे त्याच्या जन्मातच आहे. पॉलियुरेथेनची रसायनविद्या जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधली. फवारणीच्या वेळी दोन पिंपांतली दोन द्रव्यं, एकात आयसोसायनेट आणि दुसऱ्यात पॉलिऑल, गरम नळ्यांतून येऊन पिस्तुलाच्या तोंडाशी मिसळतात. मिश्रण काही सेकंदांत कैक पटींनी फुगतं आणि लाकडाच्या रंध्रांत, पत्र्याच्या नागमोडी खाचांत घट्ट बसतं. ओला असेपर्यंत हा फोम ॲसिटोननं पुसता येतो. सुकला, की ॲसिटोन काय किंवा आणखी काय, काही चालत नाही. तापवलं तर तो मेणासारखा वितळतही नाही, जळतो. आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइड असतं. म्हणून ब्लो टॉर्च लावून फोम ‘उतरवून देतो’ असं कोणी म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

या प्रश्नाची मोठी झळ बसली ती ब्रिटनला. तिथल्या उतरत्या छपरांखालच्या माळ्यावर, थेट लाकडी वाशांवर फोम मारण्याची लाट आली. २०२० मध्ये सुरू होऊन मार्च २०२१ मध्ये बंद झालेल्या ‘ग्रीन होम्स ग्रँट’ या सरकारी योजनेतूनही काही घरांत तो बसला. पुढे घर विकायला काढल्यावर मालकांना धक्का बसला. वासे फोमखाली झाकलेले असल्यानं ते कुजलेत की शाबूत, हे तपासनीसाला दिसेना, आणि अनेक बँका, गृहवित्त संस्था अशा घरावर कर्ज द्यायला तयार होईनात. बीबीसीनं २०२४ मध्ये हा विषय लावून धरला, तेव्हा असा फोम असलेल्या घरांची संख्या अडीच लाखांच्या वर सांगितली गेली. आयुष्यभराची कमाई घरात गुंतवलेल्या वयस्कर माणसांना फोम काढण्यासाठी पुन्हा पैसे मोजावे लागले. ज्यांनी विश्वासानं सरकारी योजना घेतली, त्यांच्यावरच हा भुर्दंड पडावा, हे अन्यायाचंच आहे.

फोम काढण्याच्या या धंद्यात ‘ड्राय आइस ब्लास्टिंग’चं नाव पुढे आलं.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. फ्रान्समध्ये थिलोरिए यांनी १८३५ मध्ये त्याची पहिली नोंद केली. त्याचं तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. खतकारखान्यांत आणि मद्यार्क बनवणाऱ्या आसवन्यांत हा वायू उप-उत्पादन म्हणून निघतो, तोच पकडून गोठवता येतो. भाताच्या शितासारखे त्याचे तीनेक मिलिमीटर जाडीचे तुकडे यंत्रात भरायचे आणि दाबाच्या हवेच्या झोतात सोडायचे. एकाच वेळी तीन गोष्टी घडतात. तुकड्याचा मारा बसतो. थंडीनं थराचा पृष्ठभाग आकसून ठिसूळ होतो. आणि आदळलेला तुकडा तिथल्या तिथे वायू होऊन शेकडो पटींनी फुगतो, तो थराला मागून उचकटतो.

वाळूच्या माऱ्याशी तुलना केली की याचं महत्त्व कळतं. वाळूतलं क्वार्ट्ज कठीणपणाच्या मोह्‌स मापावर सातच्या घरात, ड्राय आइस जेमतेम दोनच्या. त्यामुळे वाशाची शीर खरवडली जात नाही, गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा थर बहुतेक वेळा शाबूत राहतो. शिवाय वाळू खोलीभर साचते, ड्राय आइस उडून जातो. मागे फक्त फोमचा भुगा उरतो. टायरचे, रबराचे साचे याच कारणासाठी असे साफ करतात.

पण जाहिरातीत न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की ड्राय आइस पाठवायचा तर तो थर्माकोलच्या किंवा पफच्या, म्हणजे पीयू फोमच्याच, खोक्यातूनच पाठवतात. उणे ७८ अंशांची थंडी जो अडवतो, तोच हा फोम. मग चार इंच जाड फोमवर झोत मारला, तर थंडी वरच्या कातडीपलीकडे जाणार कशी? जाड थर निघायचा तो हातानंच, करवतीनं काप घेऊन आणि पटाशीनं खरवडून. वाशावर, पत्र्यावर चिकटून राहिलेला शेवटचा पातळ थर काढायला ड्राय आइस खरा उपयोगी. सगळा फोम झोतानंच काढून देऊ, असं सांगणारा ठेकेदार गिऱ्हाइकाचा पैसा वाफेसारखा उडवतो.

आणि ही वाफ निरुपद्रवी नाही. एक किलो ड्राय आइसपासून अर्ध्या घनमीटरहून जास्त वायू तयार होतो. यंत्रानं तासाला चाळीस किलो खाल्ला, तर वीस घनमीटरच्या वर वायू झाला. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत मुळात हवाच चौतीस घनमीटर! हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, तळाशी साठतो, त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, दम लागतो, मग शुद्ध जाते. म्हणून जमिनीलगत वायू ओढणारा पंखा आणि कार्बन डायऑक्साइडचा मीटर असल्याशिवाय बंद खोलीत हे काम करू नये. कामगाराला जाड हातमोजे, कानाला संरक्षण आणि फोमच्या धुळीसाठी चांगला मास्कही हवा. ड्राय आइसशी हलगर्जीपणा किती महागात पडतो, ते मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामला दिसलं. एका उपाहारगृहात मुखशुद्धी म्हणून तो हातावर ठेवला गेला आणि तोंडात टाकणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या.

हडपसरच्या दृष्टीनं हिशेब वेगळा पडतो. या झोताला दाबाची हवा भरपूर आणि सलग लागते, पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तिथे पुरा पडत नाही. मोठे कॉम्प्रेसर बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक हडपसर इंडस्ट्रियल इस्टेटमध्येच आहे, तेव्हा हवेची यंत्रं इथे नवी नाहीत. मात्र पत्रा स्वस्त आणि स्क्रूनं बसवलेला असतो. गोदामाचा पत्रा गंजलाच असेल, तर फोमसकट पत्रे उतरवून नवे घालणं सोपं. झोताचा खर्च करावा तो जिथे खालची वस्तू बदलता येत नाही तिथे: जुन्या वाड्याचे सागवानी वासे, लोखंडी कैच्या, स्लॅबचा खालचा भाग.

काम करायचं तर ते पावसाळ्याआधी, कोरड्या दिवसांत. झोतानं गार पडलेल्या लोखंडावर दमट हवेतलं पाणी दवासारखं धरतं, आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला ते पुरेसं असतं. म्हणून साफ केलेला भाग पुन्हा खोलीच्या तापमानाला आला, हाताला पूर्ण कोरडा लागला, की त्याच दिवशी प्रायमरचा पहिला हात द्यावा लागतो.