पेशीतील मुकादम

मुकादमाशी आम्ही जन्मभर भांडलो. आज बेल्ह्यात एका मुकादमाचीच बाजू मांडतो आहोत. त्याचे नाव एसएमएन प्रथिन.

जनुकाची आरएनए नावाची नक्कल निघते. तिच्यातले बिनकामाचे तुकडे कापून कामाचे सांधावे लागतात. हे करणाऱ्या टोळ्या हा मुकादम जुळवितो. आईबापांकडून आलेले एसएमएन-१ जनुक दोन्ही बिघडले, की प्रथिन तुटपुंजे पडते. स्नायू हलविणाऱ्या, कण्यातील चेतापेशी मरू लागतात. रोग तीव्र असला तर मूल मानही धरीत नाही.

शेजारी एसएमएन-२ हा बदली कामगार असतो. पण एका अक्षराच्या फरकाने त्याच्या नकलेतला सातवा तुकडा बहुधा गळतो, आणि हजेरी लागूनही काम अर्धवट राहते. रिस्डिप्लाम हे पोटात घ्यायचे औषध तो तुकडा गळू देत नाही.

त्याची बाटली सहा लाखांच्या घरात होती. २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने परदेशी कंपनीची मनाईची मागणी फेटाळली, आणि नॅटकोने तेच औषध १५,९०० रुपयांना आणले. वीस किलोवरील रोग्याला वर्षाला तीसेक बाटल्या लागतात, म्हणजे पावणेपाच लाख रुपये. त्यासाठी किती बैलजोड्या विकाव्या लागतील, हे बेल्ह्याच्या बाजारकऱ्यांना आम्ही काय सांगावे!