यंत्र कोणाला पेलेल?

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी नष्ट होतात. मग किती इन्शुलिन घ्यायचे, हा हिशोब रोग्याला रात्रंदिवस करावा लागतो.

आता एक यंत्रणा त्यातला बराच भार उचलते. कातडीखालचा संवेदक दर काही मिनिटांनी साखर मोजतो, छोटा संगणक मात्रा ठरवतो आणि पंप ती शरीरात सोडतो. इस्त्रीतला थर्मोस्टॅट आठवा, तत्त्व तेच! जेवणाची वर्दी मात्र रोग्यानेच यंत्राला द्यायची असते.

ही महागडी यंत्रणा कोणाला द्यावी? ब्रिटनमधील एका चाचणीतल्या डॉक्टर-परिचारिकांना आधी वाटे, शिकलेल्या व यंत्रांची सवय असलेल्यांनाच ती पेलेल. घडले उलटेच! अशांपैकी काहीजण यंत्राच्या कामात सारखी ढवळाढवळ करीत. ज्यांच्याविषयी शंका होती, त्यांतील काहींनी मात्र यंत्राला त्याचे काम करू दिले आणि त्यांना फायदा झाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांनी मत दिले, की शिक्षण वा स्वभाव पाहून कोणाला वगळू नये. प्रत्येकाला संधी मिळावी.

पुढे डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेने पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलांसाठी व अनेक प्रौढांसाठी या यंत्रणेची शिफारस केली. पण साऱ्यांपर्यंत ती पोहोचायला काही वर्षे लागणार. तोवर आधी कोणाला, हे ठरवावेच लागेल. तुम्ही कोणती कसोटी लावाल?