आठशे सीसीला टर्बो

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखादा झिजलेला भाग घेऊन गेलात, तर तो कशाचा आहे, किती झिजलाय आणि पुन्हा करता येईल का, हे समोरचा माणूस बोट फिरवूनच सांगतो. ऑइल इंजिन, पंप आणि फाउंड्रीतल्या ओतकामावर हा परिसर वाढला. ‘मारुती आठशेला घरच्या घरी टर्बो बसवतात म्हणे, बघून या,’ असं संपादक म्हणाले, तेव्हा जायचं कुठे हा प्रश्न पडलाच नाही.

विचारत विचारत एका मेस्त्रींपर्यंत पोहोचलो. दिवसा ते लेथवर पंपांचे शाफ्ट करतात. संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक पांढरी आठशे त्यांची वाट बघत असते. गाडीच्या नोंदणीची मुदत संपली आहे आणि त्यांनी ती मुद्दामच वाढवलेली नाही. गाडी रस्त्यावर येत नाही. न्यायची झाली तर ट्रेलरवर चढवून बंदिस्त ट्रॅकवर जाते. नाव छापायचं नाही, या अटीवर त्यांनी मला शेडमध्ये घेतलं.

आठशेची ओळख करून द्यायला नको. डिसेंबर १९८३ मध्ये आली, २०१४ च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बहुतेक गाड्यांत ३७ अश्वशक्ती. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. हे इंजिन सुझुकीच्या ‘एफ’ घराण्यातलं. त्याच घराण्यातल्या ५४३ सीसीच्या इंजिनाला टर्बो लावून सुझुकीने १९८७ मध्ये जपानमध्ये अल्टो वर्क्स ही गाडी काढली. ताकद ६४ अश्वशक्ती. हा आकडा ऐकला की आठशेवाल्यांना राहवत नाही. धाकट्याला जमलं ते थोरल्याला का जमू नये, एवढाच त्यांचा सवाल असतो.

टर्बोची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरात इंधनाची बरीचशी ऊर्जा वाया जाते. त्या धुराने एक चाक फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चाक बसवायचं आणि त्याच्याकडून इंजिनात हवा कोंबायची, एवढीच ती कल्पना. विसाच्या दशकात ती जहाजांच्या डिझेल इंजिनांवर आली. मोटारींत १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर स्पायडर यांना टर्बो लागला. पुढे १९७८ पासून साबच्या ९९ टर्बोने तो रोजच्या वापराच्या गाडीत रुळवला.

मेस्त्रींच्या बाकावरचा टर्बो एका मोडीत निघालेल्या डिझेल स्विफ्टचा आहे. १.३ लिटरचं ते डिझेल इंजिन आपल्याकडे इतक्या गाड्यांत होतं की भंगारात त्याचे टर्बो सहज मिळतात. मारुतीने ते २०२० मध्ये बंद केलं. टर्बो मुठीत मावेल एवढा. धुराकडचं चाक जेमतेम ३५ मिलिमीटरचं. इंजिन सहा हजार फेऱ्यांवर असतं, तेव्हा हे चाक मिनिटाला दोन लाखांच्या घरात फिरू शकतं. हिशेब मांडला तर त्या वेळी चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला ३६० मीटरच्या वर जातो. हवेत आवाजसुद्धा इतक्या वेगाने जात नाही.

एवढ्या वेगाला बॉल बेअरिंग लागत असेल, असं मला वाटलं होतं. या टर्बोत ते नाही. आत पितळी बुश आहेत, तेही सैल. दांडा आणि बुश यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. बुश आणि बाहेरचं घर यांच्यामध्ये दुसरा थर असतो. दांडा फिरतो, त्याच्यामागून बुशही फिरतो आणि धातू धातूला टेकत नाही. तेल काही क्षण जरी आटलं, तरी खेळ संपला.

मेस्त्रींनी टर्बो शिकंज्यात धरला, डायल गेजचं टोक दांड्याच्या नाकावर टेकवलं आणि दांडा दोन बोटांनी आधी आडवा हलवला. तो स्पष्ट हलला. माझा चेहरा पाहून ते म्हणाले, “हलतंय म्हणून खराब न्हाई साहेब. आडवं हललं तर चालतंय, तेल आलं की ते धरतंय. पुढं-मागं सरकलं की मग गेला त्यो.” मग त्यांनी दांडा अक्षाच्या दिशेने ढकलला आणि ओढला. काटा मिलिमीटरच्या काही शतांश भागांवर थबकला. टर्बो पास झाला. माझी संध्याकाळ मात्र पुढे त्या तेलातच गेली.

टर्बोकडे तेल नेणं सोपं आहे. इंजिनावर तेलाच्या दाबाचा स्विच असतो. तिथे टी जोड लावायचा, बारीक नळी काढायची आणि बँजो बोल्टने टर्बोच्या डोक्यावर कसायची. अडचण परतीची आहे. दोन लाख फेऱ्यांच्या दांड्यातून तेल बाहेर पडतं ते फेसाळून. त्याला ढकलायला मागे दाब नसतो, ते आपल्या वजनानेच इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरायला हवं. म्हणून परतीची नळी चांगली रुंद लागते, जवळपास सरळ खाली यावी लागते, तिला कुठेही झोळ चालत नाही आणि तिचं तोंड चेंबरमध्ये तेलाच्या पातळीच्या वर उघडावं लागतं. “वर न्यायला पंप हाय,” मेस्त्री म्हणाले. “खाली आणायला कोण हाय?”

हे एक वाक्य पाळायला त्यांनी अख्खी मांडणी बदलली. इंजिनाचा धूर टर्बोपर्यंत नेणारा पहिला मॅनिफोल्ड दिसायला देखणा होता, पण त्यावर टर्बो खाली बसायचा. परतीची नळी तिरकी गेली, तेल तुंबलं, दांड्यावरच्या कड्यांमधून धुराकडे झिरपलं आणि सायलेन्सरमधून निळा धूर सुरू झाला. टर्बो खराब झाला असं समजून अनेक जण इथे दुसरा टर्बो विकत घेतात. मेस्त्रींनी मॅनिफोल्ड कापून टाकला आणि टर्बो वर उचलला. चेंबर उतरवून तेलाच्या पातळीच्या वर भोक पाडलं, तिथे जाड नळीचा तुकडा आर्गन वेल्डिंगने जोडला आणि आतल्या किसाचा कणन् कण धुऊन काढला. धूर थांबला.

मॅनिफोल्डचं कामही तितकंच नेटकं आहे. जाड प्लेटचा फ्लँज हेडच्या गॅस्केटवरून आखून कापलाय, स्टीमच्या पाइपाचे बेंड जोडून तीन वाटा एका तोंडाला आणल्यात. वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँज वाकतो, म्हणून आधी तो एका जाड लोखंडी ठोकळ्याला बोल्टने आवळायचा, मगच टाके मारायचे. गार झाल्यावर सरफेस ग्राइंडरवर एक हात फिरवायचा. पट्टी लावून बघितली, फटीतून उजेड दिसला नाही. कारखान्यात यासाठी फिक्श्चर असतं, तपासणी विभाग असतो. इथे एका माणसाचा डोळा आहे आणि तो चुकत नाही, हे पाहताना मला मनापासून आनंद झाला.

पण एवढं जमलं म्हणजे टर्बो बसला, असं समजणाऱ्यांचीच इंजिनं फुटतात. खरा त्रास इथून पुढे आहे.

पहिली अडचण उष्णतेची. हवा दाबली की तापते. वातावरणाच्या दाबाच्या १.४ पट दाब करायचा म्हटलं आणि बाहेर ३५ अंश असले, तर छोट्या कॉम्प्रेसरमधून हवा ८० अंशांच्या पुढे निघते. गरम हवा, वर पेट्रोल आणि कॉम्प्रेशन मूळचं. मग ठिणगी पडल्यावर मिश्रणाचा एक कोपरा आपोआप पेटतो आणि पिस्टनवर हातोडे बसू लागतात. त्याला नॉकिंग म्हणतात. बाहेर ते खडखडाटासारखं ऐकू येतं, कधी ऐकूही येत नाही. आत पिस्टनच्या कडा तुटतात, हेड गॅस्केट जातं. म्हणून हवा पुन्हा थंड करणारा इंटरकूलर लागतो, स्पार्कचं टायमिंग मागे घ्यावं लागतं आणि दाबाची हाव आवरावी लागते. शिवाय हा टर्बो डिझेलचा आहे. डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो. पेट्रोलचा धूर भरात ९०० अंशांच्या पुढे जातो. या टर्बोला पाण्याचं कूलिंगही नाही. जोरात चालवून एकदम बंद केला, की आतलं तेल करपून कोळसा होतं.

दुसरी अडचण पेट्रोलची. हवा चाळीस टक्के वाढली तर पेट्रोलही तेवढं वाढायला हवं, उलट थोडं जास्तच. मूळ इंजेक्टर आणि संगणक ३७ अश्वशक्तीच्या मापाचे. काही जण पेट्रोलचा दाब वाढवून भागवतात. पण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे चाळीस टक्के जादा पेट्रोलसाठी दाब दुप्पट करावा लागतो आणि पंप तिथे दम सोडतो. मेस्त्रींनी मोठे इंजेक्टर घातले आणि स्पीडुइनो हा खुल्या आराखड्याचा इंजिन संगणक बसवला. तो सांभाळायला पुतण्या आहे, अभियांत्रिकीला शिकणारा. लॅपटॉपवर चौकोनांचा तक्ता, आडवे फेरे, उभा दाब, प्रत्येक चौकोनात पेट्रोलचं माप. इंजिन जरा चढलं की तो ऑक्सिजन सेन्सरचा आकडा बघून म्हणतो, “काका, सोडा, इथं पेट्रोल कमी पडतंय.” काका लगेच पाय उचलतात. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल नॉकिंगला आळा घालतं, पण तेवढ्याच हवेला ते जास्त प्रमाणात लागतं. जुना तक्ता नव्या पेट्रोलला पुरत नाही, सगळे चौकोन पुन्हा भरावे लागतात.

तिसरी अडचण मोहाची. टर्बोवर वेस्टगेट नावाची झडप असते. दाब ठरलेल्या मर्यादेला आला की ती उघडते आणि धुराला चाकाच्या बाजूने वाट देते. तिची दांडी दोन आटे आवळली की दाब वाढतो, गाडी उसळते, आणखी दोन आटे आवळावेसे वाटतात. मेस्त्रींनी दांडीच्या नटला रंगाचा ठिपका दिलाय. ठिपका सरकला तर पुतण्याची खैर नाही.

समजा, इंजिन टिकलं. क्लच, गिअरबॉक्स, बारा इंची चाकं आणि मागचे ड्रम ब्रेक ३७ अश्वशक्तीचेच राहतात. ज्या अल्टो वर्क्सकडे बोट दाखवून ही हौस सुरू होते, तिचं इंजिन कारखान्यानेच टर्बोसाठी तयार केलं होतं: उतरवलेलं कॉम्प्रेशन, बारा व्हॉल्व्हचं वेगळं हेड, इंटरकूलर. आजच्या कारखान्यातल्या टर्बो पेट्रोल गाड्याही टर्बोसाठी म्हणूनच आखलेल्या असतात.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२ अ कलमात अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि त्याची झळ रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाला लागते. हा कायदा मला जाचक वाटत नाही. मेस्त्रींच्या हाताला मी मानतो, पण त्यांची नक्कल करून, डायल गेजशिवाय आणि सेन्सरशिवाय, भंगारातला टर्बो लावून महामार्गावर जाणाऱ्या पोराची मला धास्ती वाटते.

तरीही ही कला शेडमध्ये कुजू नये. सीएनजी किटला मान्यता मिळते, आरसीवर त्याची नोंद होते. तपासलेल्या टर्बो किटसाठीही अशी वाट काढता येईल का, याचा विचार व्हायला हवा. तोवर आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी एक मोडीतलं आठशेचं इंजिन स्टँडवर चढवावं, अशा मेस्त्रींना मानधन देऊन बोलवावं आणि मुलांकडून टर्बो बसवून घ्यावा. उष्णता, तेल, इंधन आणि धातू हे चारही विषय त्या एका कामात येतात.

ज्यांना घरीच करायचं आहे त्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात: गाडी रस्त्यावर काढू नका, दाब कमी ठेवा आणि परतीची तेलाची नळी सरळ खाली न्या.