मूल जेवत नाही म्हणजे काय?



व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय, तत्त्वज्ञान यांवर बोलण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पावणेदोन वर्षांचे पोर घास का थुंकते, हा विषय या व्यासपीठास जरा हलका वाटण्याचा संभव आहे. पण आपल्या भंडाऱ्यातील कोणत्याही आळीत संध्याकाळी सातच्या सुमारास कान देऊन पाहावे. ज्या गोष्टीवरून घरोघर सर्वांत अधिक विनवण्या, धमक्या आणि सासूसुनांचे रुसवे चालतात ती गोष्ट हीच. तेव्हा तिचा थोडा शास्त्रीय विचार करावयास हरकत नसावी.

प्रथम एक साधा हिशेब मांडू. जन्मतः तीन किलोचे मूल वर्षाच्या शेवटी साधारण नऊ किलोचे होते, म्हणजे तिप्पट. दुसऱ्या वर्षी मात्र त्याचे वजन वर्षभरात दोन-अडीच किलोच वाढते. वाढीचा वेग असा एकाएकी मंदावला की भूकही मंदावते. हे निसर्गाचे काम आहे. पण आजीला वाटते दृष्ट लागली, आईला वाटते आपले काही चुकले, आणि शेजारीण सांगते की दात येत असतील. मूल हसतेखेळते आहे, वजन हळूहळू का होईना पण वाढते आहे, तर त्याने दोन घास कमी खाल्ले म्हणून घर डोक्यावर घेण्याचे कारण नाही.

अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1920 नंतरच्या काळात एक धाडसी प्रयोग केला. नुकतीच वरच्या अन्नावर आलेली पंधरा मुले त्यांनी काही वर्षे पाहिली. धान्य, मांस, अंडी, दूध, फळे, भाज्या असे तीसहून अधिक साधे पदार्थ मुलांपुढे मांडावयाचे, दाईने आग्रह करावयाचा नाही, नकोही म्हणावयाचे नाही. मुलांनी जेवणे चमत्कारिक केली. आज नुसती अंडी, उद्या नुसती केळी. तरी ती सर्व चांगली वाढली. हा प्रयोग ऐकून पुष्कळजण म्हणतात, मग मुलाला हवे ते खाऊ द्यावे. पण थोडे थांबा. बाईंनी 1939 साली स्वतःच सांगून ठेवले आहे की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. त्या थाळीत साखर नव्हती, बिस्किट नव्हते. आमच्या घरी चहात बुडविलेले बिस्किट सकाळी आठला आणि दुपारी चारला पोटात जाते, आणि मग सातला मूल वरणभाताकडे पाहत नाही, याचे आश्चर्य ते काय? त्यातून चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, ते वेगळेच. दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या मुलाचीही हीच गत: पोट भरलेले, रक्त कमी, शौचास खडा.

इथवर सांगितले ते निरोगी मुलाचे. आता ज्याच्या पोटातच काही बिघाड आहे त्याकडे वळू.

अन्ननलिका जठरास मिळते तेथे स्नायूंची एक कडी असते. ती झडपेप्रमाणे मिटते. तान्ह्या मुलात ही झडप सैल असते, म्हणून बाळ दूध टाकते. चौथ्या महिन्याच्या आसपास हा प्रकार सर्वांत अधिक असतो आणि वर्ष-दीड वर्षात बहुधा आपोआप थांबतो. दूध टाकूनही जे बाळ आनंदी असते आणि वाढते त्याला औषधाची गरज नसते. पण दीड वर्षांनंतरही अन्न वर येतच असेल, मूल जेवताना पाठ ताणून रडत असेल, रात्री खोकत असेल, तर त्याच्या घशात आंबट जळजळ होत असण्याचा संभव आहे. अशा मुलाचा नकार हा हट्ट नसतो. घास गिळला की दुखते, हे ते शिकलेले असते आणि ते ज्ञान त्याच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. त्याला मांडीवर आडवे घालून, नाक दाबून, बोंडल्याने पेज ओतणे म्हणजे त्याची भीती पक्की करणे होय. शिवाय ती पेज श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

पेजेविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण आपण धानाच्या मुलखातील माणसे. आजाऱ्याला पेज, लेकराला पेज, हा आमचा जुना विश्वास. तांदूळ पोटास सौम्य आहे यात वाद नाही. परंतु पातळ पेज म्हणजे बहुतांशी पाणी. लहानग्या जठरात ती वाटीभर गेली की जागा भरते, कस लागत नाही आणि पातळ असल्यामुळे चटकन वरही येते. चमचा तिरपा केला असता घरंगळून पडणार नाही इतका दाट, मऊ कुसकरलेला वरणभात, त्यावर चमचाभर गोडेतेल, हे त्याच भांड्यातले अन्न दुप्पट कामाचे. थोडे थोडे, दोन-अडीच तासांनी, ताठ बसवून द्यावे. जेवताना पाण्याचे पेले पाजू नयेत, आणि जेवण होताच पाळण्यात घालू नये. अर्धा तास अंगणात हिंडू द्यावे. कमरेची नाडी सैल असावी.

आता न सोसणाऱ्या अन्नाविषयी. येथे सर्वांत मोठा घोटाळा दुधाचा आहे. ‘दूध सोसत नाही’ या तीन शब्दांत दोन निरनिराळे रोग लपलेले असतात. एक, दुधातील साखर पचविणारा आतड्यातील रस कमी पडणे. लहान मुलांत हे बहुधा मोठ्या हगवणीनंतर होते, पोट फुगते, आंबूस पातळ शौच होते आणि काही आठवड्यांत आतडे सुधारले की जाते. अशा मुलास दही बहुधा चालते, कारण विरजणाने ती साखर थोडी खाल्लेली असते. दुसरा रोग दुधातील प्रथिनाची ॲलर्जी. यात दही चालत नाही, ताक चालत नाही, आणि बकरीचे दूध हा आमचा लाडका उपायही चालत नाही, कारण दोन्हींची प्रथिने इतकी सारखी आहेत की गाईचे न सोसणाऱ्या बहुतेक मुलांना बकरीचेही सोसत नाही. अंगावर पित्त उठणे, शौचात रक्त, इसब, आणि पुष्कळदा केवळ सतत अन्न वर येणे, अशी याची रूपे आहेत. म्हणून झडपेच्या आजाराचे औषध लागू पडेना, तर डॉक्टर दोन ते चार आठवडे दूध पूर्ण बंद करून पाहतात आणि नंतर ते पुन्हा देऊन पाहतात. हा दुसरा भाग आपण विसरतो. दूध बंद केले, बरे वाटले, आणि ते जन्माचे बंद झाले! वास्तविक बहुतेक मुलांची ही खोड मोठेपणी सुटते. मात्र दुधाने ज्याच्या ओठांना सूज आली किंवा श्वास अडला, त्याची परीक्षा घरी कदापि पाहू नये.

गव्हाची गोष्ट निराळी. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना संशय होता की काही मुले गव्हानेच झिजतात. 1944-45 च्या हिवाळ्यात तेथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांच्या संशयास बळकटी आली. 1950 साली त्यांनी ते प्रबंधात मांडले. आमच्याकडे भात मुख्य असल्याने गहू सोडणे सोपे वाटते, पण तो रवा, शेवया आणि पुन्हा त्या बिस्किटाच्या वाटेने घरात शिरतो. रक्ततपासणीआधी गहू सोडू नये, एरवी तपासणी फसते. निदान ठरल्यावर मात्र आमचा जिल्हा भाग्यवान: तांदूळ आहेच, आणि तलावांतून आमचे ढीवर बांधव काढतात तो शिंगाडा आहे. त्याच्या पिठाची लापशी अशा मुलाला निर्धास्त द्यावी.

खरा धोका मला वाटतो तो दुसरीकडे आहे. दूध बंद, गहू बंद, कुणीतरी सांगितले म्हणून अंडे बंद, केळे थंड म्हणून बंद. उरते काय? भात आणि डाळ. त्यातही गरिबाघरी डाळ बांधीतल्या ओलीवर आलेल्या लाखोळीची. या डाळीच्या विक्रीवर 1961 साली बंदी आली, नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ती उठावी म्हणून दीर्घकाळ लढा दिला. त्या वादात मी आज शिरत नाही. एवढे निश्चित की महिनोन्महिने आहाराचा मोठा भाग तिचाच झाला तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो. चार पदार्थ काढून घेतलेल्या मुलाच्या ताटात ती एकटी राहू नये. तूर, मूग, अंडे, तलावातली काटे काढलेली मासळी, यांपैकी जे सोसते ते आलेच पाहिजे. एक पदार्थ काढला तर त्याच्या जागी काय ठेवले, हे आधी ठरवावे, मग काढावा.

नवा पदार्थ एका वेळी एकच, तीन दिवस. मुलाने तोंड फिरविले तर बोलू नये, चार दिवसांनी पुन्हा चिमूटभर ठेवावा. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर पुष्कळ मुले तो उचलतात. काय वाढावयाचे आणि केव्हा, हे मोठ्यांनी ठरवावे; किती खावयाचे ते मुलाने. अर्ध्या तासात ताट उचलावे. मोबाईलवर चित्रे दाखवून भरविलेला घास पोटात जातो खरा, पण भूक आणि पोट भरणे यांची ओळख पटत नाही.

दवाखाना केव्हा गाठावा? उलटी हिरवी असेल, तीत रक्त असेल, मूल मलूल होऊन लघवी कमी करीत असेल तर त्याच दिवशी. वजन दोन-तीन महिने जागचे हलले नाही, किंवा अंगणवाडीच्या पट्टीवर दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर त्याच आठवड्यात. आम्लाची औषधे दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत. आणि जाताना एक वही न्यावी: आठ दिवसांत काय खाल्ले, किती वाजता, त्यानंतर किती वेळाने उलटी झाली, शौच कसे झाले. चहा-बिस्किटही त्यात प्रामाणिकपणे लिहावे. डॉक्टर पहिले पान उलटतात तेव्हा निम्मे निदान पुष्कळदा तेथेच सापडते.