टपालाने आलेलं फर्निचर

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ऑस्ट्रेलियात घरांची मोठी टंचाई होती. सैनिक परतत होते, नवे संसार थाटले जात होते आणि बांधकामाचं सामान मात्र मिळत नव्हतं. मेलबर्नमध्ये 'द एज' हे वृत्तपत्र आणि व्हिक्टोरियातली वास्तुविशारदांची संस्था यांनी 1947 मध्ये 'स्मॉल होम्स सर्व्हिस' सुरू केली. रॉबिन बॉइड यांच्या देखरेखीखाली छोट्या, आधुनिक घरांचे आराखडे पाच पौंडांत मिळू लागले. या घरांत जुनं अवजड फर्निचर मावणारं नव्हतं आणि परवडणारंही नव्हतं.

फ्रेड वॉर्ड या प्रश्नाकडे आधीपासूनच बघत होते. 1900 मध्ये जन्मलेल्या या मेलबर्नच्या डिझायनरने 1930 च्या दशकात मायर या मोठ्या दुकानासाठी 'युनिट' फर्निचर केलं होतं. ऐपतीप्रमाणे एकेक नग घ्यायचा आणि संसार वाढेल तशी भर घालायची. देशी झाडांचं लाकूड ते वापरत आणि गडद पॉलिशखाली त्याच्या रेषा दडपणं टाळत.

युद्धानंतर त्यांनी 'ऑस्ट्रेलियन होम ब्यूटिफुल' मासिकाच्या साथीने 'पॅटर्नक्राफ्ट' आणलं. कपडे बेतायला कागदी नमुने असतात, तसे फर्निचरचे नमुने लोकांनी मागवायचे आणि घरच्या घरी लाकूड कापून जोडायचं. कारागिरीची मजुरी वाचली, पण डिझायनरचं काम अवघड झालं. हौशी माणसाच्या करवतीला जमेल एवढाच काप आणि सांधा ठेवायचा, तरी खुर्ची डौलदार आणि भक्कम व्हायला हवी. अशा ठिकाणी साधेपणा ही नुसती आवड राहत नाही, ती गरज होते.

सिडनीत डग्लस स्नेलिंग यांनी लाकडी चौकटीवर पट्ट्या विणून खुर्च्या केल्या. महागड्या गादीकामाची गरजच उरली नाही. रॉजर मॅकले यांनी प्लायवुडचा एकच तक्ता शंकूसारखा वळवून 'कोन' खुर्ची घडवली. मेलबर्नच्या ग्रँट फेदरस्टन यांनी 1951 मध्ये प्लायवुडचाच सांगाडा वापरून शरीराला कवेत घेणारी 'कॉन्टूर' खुर्ची आणली.

आज हे नग संग्रहालयांत मानाने ठेवलेले आहेत. पण त्यांचं मोठेपण दुर्मिळतेत नाही. नोकरदाराच्या दोन खोल्यांनाही उत्तम डिझाइनचा हक्क आहे, असं मानून या माणसांनी काम केलं. स्वस्त वस्तू करताना त्यांनी विचारात कधीच काटकसर केली नाही.